साडेनऊ सेंटिमीटर

इंग्लंडात राहून काय काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. माझ्याबरोबर नागपूरहून गेलेली मंडळी लेस्टरला आणि वॉटफर्डला राहिली, त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. मी मात्र पूर्वेकडच्या, पोळपाटासारख्या सपाट मुलखात एका खेड्यात राहिले, आणि तिथली अर्धी गल्ली डच होती. ट्युलिपचे कंद आणि काचघरातली भाजी पिकवायला दोन पिढ्यांपूर्वी आलेली ही कुटुंबं. तेव्हा खरं सांगायचं तर दोन वर्षं मी इंग्रजांच्या देशात डचांच्या शेजारात राहिले, आणि त्यातही एका डच बाईच्या धाकात राहिले.

त्या माझ्या घरमालकीण. वय चौऱ्याहत्तर, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी, अंगानं काडी, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकाचं कुत्रं आपलंच नाव घेतलं समजून उठून बसायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नुसत्या नावानं हाक मारायला सांगितलं. आजीच्या वयाच्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभच उचलेना. मी त्यांना आजी म्हणू लागले. चार दिवसांनी त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला.

"मी कुणाची आजी नाही, मला मूलच नाही," त्या म्हणाल्या. "पण शब्द आखूड आहे. चालेल."

मी तेव्हा पीटरबरोच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या आणि त्या न लाजता, भर मीटिंगमध्ये सांगायच्या, हे माझं काम. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते या कामाला अजिबात शोभणारं नव्हतं.

आजींच्या मते घर हे झोपण्यासाठी आणि कपडे वाळवण्यासाठी असतं. बाकी वेळ माणसानं बाहेर असावं. मी नागपूरची. उन्हाळ्यात आम्ही सकाळी अकरालाच दारं-खिडक्या लावून कूलरपुढे बसतो ते थेट दिवेलागणीला बाहेर तोंड काढतो. बाहेरच्या हवेपासून स्वतःला वाचवणं यालाच आमच्याकडे शहाणपण म्हणतात. आजी मात्र डिसेंबरच्या सकाळी, अंगणातलं गवत पांढरंफेक झालेलं असताना, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायच्या. "शिळी हवा," असं म्हणून पदार्थ टाकून द्यावा तशी ती हातानं बाहेर ढकलायच्या. मी तीन स्वेटर घालून हीटरला टेकून चहा प्यायचे. त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायच्या आणि हीटर एका अंकानं कमी करायच्या.

रविवारी जोराचा वारा सुटला की त्या माझ्या खोलीचं दार वाजवायच्या. "चल, वाऱ्यात जाऊ." आमच्याकडेही लोक हवा खायला जातात, पण ती हवा मंद असते आणि शेवटी भेळ असते. इथे कालव्याच्या बांधावरून, एक झाड नाही की भिंत नाही अशा उघड्या रानातून, तोंडावर वारा घेत दीड तास चालायचं. आजी पुढे, मी मागे. त्यांची निम्मी वाक्यं वाऱ्याबरोबर उडून जायची आणि उरलेल्या निम्म्यात माझ्या चपट्या बुटांची निंदा असायची. मग एका ठरावीक पुलापाशी त्या एकदम गर्रकन वळायच्या. "जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. उलटं करणारे मूर्ख." परतताना मात्र वारा असा ढकलायचा की पाय आपोआप उचलले जायचे, आणि मला हसू यायचं. आपण का हसतोय हे मला तेव्हा कळायचं नाही. आता कळतं, मी खूश असायचे.

आईला हे फोनवर सांगितलं तर ती घाबरीघुबरी झाली. "काहून बाई, घरात बसाले जागा नाही देत का ते तुले? इतक्या थंडीत बाहेर काय करून राहिली तू?" घर बदल, लेस्टरला आपली माणसं आहेत, असा तिचा धोशा कित्येक महिने चालू होता. मीही दोनदा मनाशी ठरवलं होतं. पण घर सोडते म्हणून आजींना सांगायचं, त्या "का?" विचारणार, आणि खरं उत्तर द्यावं लागणार. त्यापेक्षा थंडी परवडली.

खरं उत्तर हा आजींचा छंद होता. मी एकदा हौसेनं कांद्याचे पोहे केले. एक घास खाऊन त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे मला आवडलं नाही. पण तू केलंस ते बरं केलंस, आता माहीत झालं." आणि उठून पाव कापायला लागल्या. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुझं काय दुखतंय?" त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

पाच डिसेंबरला या डच लोकांचा एक मोठा सण असतो. दाढीवाला संत घोड्यावरून येतो, घोड्यासाठी मुलं चुलीपाशी आपल्या बुटात गाजर ठेवतात, सकाळी बुटात खाऊ सापडतो. घरात मूल नसलं तरी आजी आपला बूट ठेवायच्या. पहिल्या वर्षी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी संध्याकाळी ऑफिसातून आले तर चुलीसमोर, जिथे अन्न शिजतं तिथे, चार-पाच जोड! शेजारच्या पोरांनीही आणून ठेवले होते. आणि त्यात गाजरं. मला वाटलं, म्हातारीला भ्रम व्हायला लागला. मी सगळे बूट उचलून बाहेर ओळीनं लावले, गाजरं तीन पाण्यांनी धुतली आणि दाण्याचं कूट घालून झकास कोशिंबीर केली.

आजी शेजारून परत आल्या. आधी चुलीकडे, मग बाउलकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्या इतक्या हसल्या की भिंतीला धरून खाली बसल्या. संताच्या घोड्याची गाजरं खाणारी बाई म्हणून माझं नाव दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं. कोशिंबीर मात्र त्यांनी सगळी संपवली. "ही आवडली," म्हणाल्या.

या सणाला एकमेकांना निनावी कविता लिहायच्या असतात, चेष्टेच्या. आपल्याकडे शिमग्याला शेलापागोटे वाचतात तसाच प्रकार. ज्याच्यावर लिहिलंय त्यानंच ती सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायची. माझ्या वाट्याला आलेल्या कवितेचा मी मराठीत केलेला तर्जुमा असा:

घालून बसते तीन स्वेटर, हीटरला मारून मिठी,
हिला बघून थंडीसुद्धा पाठवते माफीची चिठ्ठी.

मला आजींवर लिहायचं होतं. घरच्या मोठ्या माणसाची तोंडावर टिंगल करायची माझी काही छाती होईना. मी आपलं लिहिलं: परक्या देशात आई मिळाली, थोर मन, प्रेमळ हात, वगैरे. आजींनी ते बारा-पंधरा माणसांपुढे मोठ्यानं वाचलं. शेजारचे ट्युलिपवाले काका, आजींचे पन्नास वर्षांपासूनचे मित्र, बशीकडे बघत बसले. आजींनी कागदाची नीट घडी घातली. "हे माझ्या अंत्यविधीला वाच," त्या म्हणाल्या. "तिथे असंच चालतं."

जानेवारीतल्या शनिवारी हे सगळे मिळून चरांच्या काठची विलोची झाडं छाटायचे. पान गळालेलं असतं, फांद्या डोक्यापासून सपाट कापायच्या, झाड बोडकं करून सोडायचं. गुडघाभर चिखल, हातात करवत, आणि दुपारी तिथेच उभ्यानं वाटाण्याचं सूप. सुपात चमचा उभा राहिला पाहिजे, आडवा झाला तर ते पाणी. माझ्यासाठी आजी वेगळ्या पातेल्यात बिनमांसाचं करायच्या आणि दर वेळी सांगायच्या की ते सूप नव्हे, पण मी त्याला सूप म्हणायला त्यांची हरकत नाही. मी पहिल्या दिवशी करवतीनं अंगठा कापून घेतला, दुसऱ्या शनिवारी एक अख्खं झाड छाटलं. त्या झाडाकडे बघून आजी म्हणाल्या, "वाईट. पण जगेल."

आता तळ्याचं सांगते, कारण आजी म्हणजे तळं.

गावाबाहेर विटांसाठी माती काढून काढून झालेला मोठा खड्डा होता. त्यात पाणी साठून तळं झालेलं. कडेला कंबरभर, मधे पुरुषभर खोल. हिवाळ्यात ते गोठलं की सगळं गाव त्यावर स्केटिंग करायचं. गोठलेल्या पाण्यावर माणसांना कधी सोडायचं हे कुणीतरी जाणत्यानं ठरवावं लागतं. डच गावांत असा एक माणूस नेमलेला असतो म्हणे. इथे ते काम चाळीस वर्षं आजींकडे होतं. कुणी नेमलं नव्हतं. फाटकाची किल्ली त्यांच्या गळ्यात असायची आणि ती मागायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

त्यांचे नियम दोन. दहा सेंटिमीटर बर्फ असेल तर सगळ्यांना सोडायचं. सात असेल तर एका वेळी फक्त एकाला. आणि जाडी मोजायची ती सगळ्यात पातळ जागी. "बाकी चार ठिकाणी बर्फ हातभर असला तरी माणूस पाचव्या ठिकाणीच पडतो," असं त्या म्हणायच्या.

दुःख एवढंच की बर्फ येतच नव्हता. मी गेले त्याच्या आधी अकरा हिवाळे कोरडे गेले होते. नुसता पापुद्रा धरायचा आणि दोन दिवसांत विरघळायचा. तरी आजी दर डिसेंबरला वडिलांचे लाकडी तळाचे स्केट्स काढायच्या, पात्यांना धार लावायच्या, चामड्याच्या पट्ट्यांना तेल लावायच्या आणि मार्चमध्ये परत गुंडाळून ठेवायच्या. माझा पहिला हिवाळाही तसाच गेला. आपल्या हिशेबानं एक तप पुरं झालं.

दुसऱ्या वर्षी, दोन हजार आठच्या नोव्हेंबरात, दोन गोष्टी झाल्या. गावच्या कौन्सिलनं ठरवलं की वसंतात तळ्याला उंच जाळी घालायची आणि ते मासे पकडणाऱ्या क्लबला द्यायचं. म्हणजे हा शेवटचा हिवाळा. कौन्सिलचे अध्यक्ष, एक गुलाबी गालांचे निवृत्त बसड्रायव्हर, स्वतः घरी येऊन हे सांगून गेले. आजींनी त्यांना कॉफी दिली, बिस्कीट दिलं नाही.

दुसरी गोष्ट आजींनी मला एकटीला सांगितली. त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. माझा चेहरा बघायचा तर त्या माझ्या कानाकडे बघायच्या. मला वाटायचं, ही त्यांची तऱ्हा. "कुणाला बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आधी सायकल काढून घेतील, मग किल्ली. या वर्षी बर्फ आला तर भोक मी पाडीन. पट्टी तू वाच."

"तुम्हाला इतका बर्फ कशाला हवा?" मी विचारलं.

"एक फेरी," त्या म्हणाल्या. "अजून कडेचं दिसतंय तोवर एक फेरी मारायची आहे."

आणि जानेवारीत थंडी पडली. साधीसुधी नाही, नळ गोठवणारी. सलग आठ दिवस पारा वर यायचं नाव घेईना. आजी दिवसातून तीनदा तळ्यावर जायच्या. मी ऑफिसातून आले की बूटही न काढता त्यांच्याबरोबर जायचे. आजी काठालगत, हातानं फिरवायच्या गिरमिटानं भोक पाडायच्या, मी पोटावर आडवी होऊन टोकाला हुक असलेली पट्टी आत सोडायची, हुक बर्फाच्या खालच्या अंगाला अडकवायचा आणि आकडा वाचायचा. चार. साडेपाच. सात. साडेआठ. आकडा ऐकला की आजींचा चेहरा असा व्हायचा की मला वाटायचं, तो बर्फ मीच करतेय.

शनिवारी सकाळी फाटकापाशी साठेक माणसं जमली. माळ्यांवरून काढलेले गंजके स्केट्स, गळ्यात मफलर, थर्मास, बाबागाड्या. अध्यक्षही सहकुटुंब आले होते. ट्युलिपवाले काका म्हणाले की बारा वर्षांत गावात एवढी माणसं एका जागी कुणी मेल्याशिवाय जमली नव्हती. आम्ही दोघी आत गेलो. पहिल्या चार भोकांत दहाच्या वर. पाचवं, बोरूच्या बेटापाशी, सगळ्यात पातळ जागी. मी पट्टी आत सोडली.

साडेनऊ.

मी पुन्हा पाहिलं. साडेनऊच. वर आजी उभ्या, माझ्या कानाकडे बघत. फाटकापलीकडे पोरं उड्या मारत होती. हवामानवाले सांगत होते की आज रात्रीपासूनच थंडी ओसरणार. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. आणि अर्धा सेंटिमीटर म्हणजे तो काय! आपल्याकडे पाहुणा जास्त आला तर वरणात पाणी घालतो, रिक्षात चौथा बसतो. होऊन जातं. माझ्या सगळ्या लहानपणात कुणी अर्ध्या सेंटिमीटरवर अडून बसलं नव्हतं. मी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "दहा."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं, मी उगीचच हातमोजे झटकू लागले.

"पुन्हा वाच," त्या म्हणाल्या.

"दहा आहे, आजी."

"दहा असतं तर तू खालूनच ओरडली असतीस. श्वास घेऊन सांगितलंस. ऑफिसात प्रोग्राम चांगला निघाला की आधी श्वास घेतेस का?"

मी हातमोजे खाली ठेवले. मग म्हणाले, "साडेनऊ."

त्या ताडताड फाटकाशी गेल्या आणि साठ माणसांना एका दमात सांगितलं, "साडेनऊ आहे. एवढ्यांना एकेक करून सोडत बसणार नाही. आज बंद."

एकच गलका झाला. अध्यक्ष पुढे आले. "मॅडम, अर्ध्या सेंटिमीटरसाठी? माझी नातवंडं दोन तास गाडीत बसून आली आहेत."

"मग ती दोन तासांनी घरी जिवंत पोचतील," आजी म्हणाल्या. कुणीतरी मागून म्हणालं की जाळी घालतायत तेच बरं, निदान ही कटकट तरी संपेल. ते आजींनीही ऐकलं. माणसं पांगली. ज्या लोकांना खूश करायला मी खोटं बोलले त्यातलं एकही माणूस जाताना आमच्याकडे बघत नव्हतं.

स्वयंपाकघरात आल्यावर मीच सुरुवात केली. "तुमच्यासाठीच केलं मी. तुम्हाला फेरी मारायची होती ना?"

"साठ माणसं, त्यातली वीस पोरं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांच्या जागी मी तुला ठेवलं. मी स्वतः असते तर स्वतःशी खोटं बोलले असते का? तुला मला आनंद द्यायचा होता. तो मी मागितला नव्हता. मी आकडा मागितला होता."

मला लाज वाटली. रागवल्या म्हणून नाही, त्यांचं खरं होतं म्हणून. दिवसभर परक्यांच्या चुका मांडणारी मी, आपल्या माणसापुढे आले की गोड बोलत होते. सुपाचं पातेलं त्यांनी माझ्यापुढे आदळलं. चमचा उभा राहिला. मी रडत रडत ते प्यायले, आणि त्या समोर बसून करवतीला धार लावत राहिल्या.

रविवारी सकाळी आभाळ खाली आलं होतं. वारा नैऋत्येचा, ओलसर. पाचव्या भोकात साडेआठ. मी ओरडूनच सांगितलं. आजींनी थोडा विचार केला आणि ट्युलिपवाल्या काकांना गावभर निरोप द्यायला पाठवलं: एका वेळी एकच माणूस. प्रत्येकाला एकच फेरी. बाकीच्यांनी फाटकाबाहेर रांगेत उभं राहायचं.

मला वाटलं, कालच्या अपमानानंतर कोण येतंय. पण इंग्रज माणसाला रांग लावायला मिळाली की त्याचा अर्धा राग तिथेच उतरतो. बेचाळीस जण आले. दुधाची तहान ताकावर भागवायला का होईना, आले. आजी फाटकाशी स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची टाकून बसल्या. किल्ली हातात. एक जण आत, एक फेरी, बाहेर, मग पुढचा. त्यांचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. घरची बाई शेवटी जेवते, हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आणि गंमत अशी झाली की गर्दीत जे कुणी बघितलं नसतं ते सगळ्यांनी बघितलं. अख्खं तळं एकट्याचं. ट्युलिपवाले काका, जमिनीवर फेंगडे चालणारे, बर्फावर हात पाठीमागे बांधून असे गेले की त्यांची बायको माझ्याशेजारी "अगोबाई" अशा अर्थाचं काहीतरी डचमध्ये म्हणाली. आठ वर्षांची एक मुलगी तळ्याच्या मधोमध थांबली आणि तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला. अध्यक्ष निम्म्या फेरीत आडवे झाले, उठले, आणि उरलेली फेरी टाळ्यांच्या गजरात पूर्ण केली. बाहेर आल्यावर ते आजींना म्हणाले, "मॅडम, काल मी जरा जास्त बोललो." आजी म्हणाल्या, "हो. पुढचा!"

दुपारी एकला भुरभुर सुरू झाली. बर्फावर पाण्याचा पातळ थर दिसू लागला. आजी दर तासाला माझ्याकडून माप घेत होत्या. आठ. साडेसात. तीन वाजता माझी पाळी आली. आजींनी उठून ती लाकडी खुर्ची माझ्या हातात दिली. डच पोरं म्हणे खुर्ची ढकलत ढकलतच शिकतात. सहकाऱ्याकडून उसने आणलेले स्केट्स घालून, तीन स्वेटरांत, खुर्चीला धरून मी निघाले. जे झालं ते झालं. पण एका क्षणी, पलीकडच्या काठाजवळ, खुर्ची आणि मी दोघी सरळ रेषेत, न ढकलता, आपोआप घसरत गेलो, आणि मला वाऱ्यातून परततानाचं ते हसू आलं.

मी बाहेर आले. आता फक्त आजी. त्या खुर्चीवर बसून वडिलांच्या स्केट्सच्या पट्ट्या बांधत होत्या, डोळ्यांनी नाही, बोटांनी. रांग मोडली होती पण घरी कुणी गेलं नव्हतं. सगळे बघत उभे.

"माप," त्या म्हणाल्या.

मी पाचव्या भोकापाशी आडवी झाले. पोटाखाली पाणी. पट्टी आत सोडली, हुक अडकवला. एका माणसासाठी सात लागतात. मला आकडा दिसला, आणि तो बदलावा म्हणून मी देवाचा धावा केला. मार्चमध्ये जाळी. तिकडे बोटांनी पट्ट्या आवळणारी म्हातारी. पण मी थांबले नाही. खालूनच ओरडले, "साडेसहा!"

अध्यक्ष हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन ते काय. जा ना. आम्ही सगळे आहोत."

आजी काही वेळ तळ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे तळ्याच्या थोडं बाजूला. मग खाली वाकून त्यांनी एकेक पट्टी सोडली, स्केट्स एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले, फाटक ओढलं आणि कुलूप लावलं.

"तळं बंद," त्या म्हणाल्या. "सूप आहे. भांडी घेऊन या."

ती जाळी मार्चमध्ये लागलीच. आजी त्यानंतर कधी बर्फावर गेल्या नाहीत. हे सगळं मला घरी परततानाच कळत होतं. पायवाट निसरडी होती. आजींनी न विचारता माझा दंड धरला. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं. जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, "आता सांग."

"काय?"

"सगळ्यांच्या फेऱ्या. मला नुसते आवाज आले. एकेक करून सांग. जसं झालं तसं, वाढवून नको."

मी सांगायला लागले. काकांचे पाठीमागे बांधलेले हात, त्या मुलीचा नमस्कार, अध्यक्षांचं आडवं होणं, त्यांची टोपी किती लांब गेली ते. कोण कुठे अडखळलं, कोणी कुठे वळण घेतलं, कोण रडलं. आजी मधे मधे थांबवून विचारायच्या, डावा पाय आधी की उजवा? वाकून की ताठ? घर आलं तरी आम्ही आत गेलो नाही. भुरभुर पावसात फाटकाशी उभ्या राहून मी बेचाळीस माणसांच्या फेऱ्या सांगितल्या. त्या डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांचा एक पाय जागच्या जागी हलत होता.

"आता तुझी," त्या म्हणाल्या.

मी खुर्चीचं सांगितलं, ते सरळ रेषेत घसरणंही सांगितलं.

"पडलीस किती वेळा?"

"चार."

"पाच," आजी म्हणाल्या. "मी ऐकत होते."